कोवळ्या गाजरांचं लोणचं

मंडईतून माघारी आलेली भाजी आमच्या घरात वाया गेल्याचं मला आठवत नाही. नाना पहाटेच सायकलला टोपल्या बांधून निघायचे आणि उन्हं तापायच्या आत परत यायचे. टोपल्या बहुतेक रिकाम्या असत, पण तळाशी काहीतरी राहिलेलं असेच. दोन पाय फुटलेली गाजरं, डाग पडलेला फ्लॉवरचा गड्डा, कुणी न घेतलेली ओली हळद. नाना टोपली ओट्यावर टेकवत आणि विहिरीकडे हातपाय धुवायला जात. मग आई पदर खोचून टोपलीपुढे बसायची. एकेक नग हातात घेऊन फिरवायची, नखाने डाग खरवडून बघायची. "ह्याला काय झालंय? चांगलं तर हाय," असं ती त्या भाजीला म्हणायची की मंडईतल्या गिऱ्हाइकांना, ते मला कधी कळलं नाही. त्यातलं निम्मं त्याच दिवशी कालवणात जायचं आणि उरलेल्याचं लोणचं व्हायचं.

आम्ही 'आमचा मळा' म्हणायचो, पण तो आमचा नव्हता. नाशिक रोडच्या अंगाला वालदेवी नदीच्या काठची ती जमीन नाशकातल्या एका मालकांची होती आणि नाना ती अर्धेलीनं, निम्म्या पिकाच्या वाटणीवर, करत. नानांच्या वडलांनीही तीच केली होती. विहिरीजवळ मातीच्या भिंतींचं, पत्र्याचं आमचं घर होतं. त्यात नाना, आई, माझा थोरला भाऊ दिगू आणि मी. दिवसभर विहिरीवरच्या इंजिनाचा पुकपुक आवाज चालायचा आणि तो थांबला की लांबून स्टेशनात शिरणाऱ्या गाड्यांच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. इंजिन बंद पडलं की आई हातातलं काम टाकून बाहेर डोकावायची. नाना पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवताना खाली वाकून मातीशी काहीतरी पुटपुटत. माणसांशी ते कमी बोलायचे.

थंडीचे दिवस लोणच्याचे. धुतलेल्या भाज्या आई नानांच्या जुन्या धोतरावर पसरायची आणि पुसायचं काम माझ्याकडे असायचं. पाण्याचा एक थेंब राहिला तरी चालत नसे. माझं पुसून झालेलं गाजर ती गालाला लावून बघायची आणि गार लागलं तर परत माझ्या मांडीवर टाकायची. मग पाट्यावर मोहरी वाटली जायची. तो झणका नाकात गेला की माझ्या आणि दिगूभाऊच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि आई मात्र कोरड्या डोळ्यांनी वरवंटा ओढत राहायची. निखाऱ्यावर हिंगाचा खडा टाकून त्यावर बरणी पालथी धरायची, आतला धूर बाहेर येऊ द्यायचा नाही. तेल कढवून गार झाल्यावर वरून ओतायचं, ते भाजीच्या वर बोटभर आलंच पाहिजे. शेवटी बरणीच्या तोंडावर फडकं बांधायचं, त्याला आम्ही दादरा म्हणत असू. ते बांधून झालं की आई बरणीला हलकेच थोपटायची, तान्ह्या मुलाला थोपटावं तशी. आता माझ्या सूनबाईच्या फ्रीजमध्ये लोणच्याच्या सहा बाटल्या आहेत आणि मी भाकरीशी त्यातलं घेतेही. पण त्या बाटल्यांना थोपटावंसं कधी कुणाला वाटलेलं मी पाहिलं नाही.

दर वर्षी पहिली बरणी मालकांच्या घरी जायची. मालकीणबाईंना आई वहिनी म्हणायची. त्या बरणी घेत आणि मागच्या वर्षीची धुऊन, तळाशी मूठभर साखर घालून परत देत. रिकामं भांडं देऊ नये म्हणून. मला ते घर आवडायचं. तिथे पंखा होता.

ज्या वर्षाबद्दल मी हे लिहायला बसले आहे, त्या वर्षी दिवाळी झाल्यावर मालक स्वतः मळ्यात आले. एरवी ते वाटणीच्या वेळीच येत. आईनं बाज टाकली, चहा केला. चहा त्यांनी निम्मा ठेवला.

"किसन, जमीन दिली मी," ते म्हणाले.

नाना हातात खुरपं धरून उभे होते. "दिली म्हंजी?"

"विकली. सोसायटी व्हायचीय इथं. पोरांना शेतीत रस नाही, माझंही वय झालं आता."

"पेरलंय वो समदं. गाजर, फ्लावर. मिरची फुलावर हाय."

"पीक निघेपर्यंत थांबतील ते. मी बोललोय तसं."

नानांनी मान हलवली. मालक गेल्यावर दिगूभाऊ चिडून पुष्कळ बोलला. कुळकायदा आहे, आपलं नाव लावून घ्यायला हवं होतं, आजोबांपासून आपण कसतोय. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इंजिनात डिझेल हाय का बघ." त्या संध्याकाळी त्यांनी रोजच्यासारखं पाणी भरलं. पुढेही रोज भरत राहिले, खुरपत राहिले. जणू पीक निघेपर्यंतचा काळ हा पुष्कळ मोठा काळ होता. मलाही तसंच वाटत होतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला संक्रांतसुद्धा लांब वाटते.

गाजरं करंगळीएवढी झाली होती तेव्हा जीप आली. त्यातून उतरलेल्या माणसानं घरात डोकावूनही पाहिलं नाही. बांधावरूनच नानांना हाक मारली आणि सांगितलं, सोमवारी मशीन लागणार आहे, सामान हलवून घ्या. नाना तसेच, अंगातली बंडी न बदलता, सायकलवर टांग टाकून मालकांकडे गेले. परत आले तेव्हा सायकल हातात धरून चालत आले. चाकात हवा होती. मी नंतर दाबून बघितली.

"काय म्हनले?" आईनं विचारलं.

"त्यांच्या हातात काय नाय म्हनले आता."

 आई चुलीपुढून उठली आणि सगळ्या टोपल्या, पाट्या अंगणात काढू लागली. नानांनी विचारलं, हे काय करतीस.

"उपटून घेऊ समदं. दोन दिस हाईत अजून."

"करंगळीएवढाली गाजरं. मंडईत कोन हात लावंल त्याला?"

"मंडईत कशाला? मी लोनचं घालते."

"नाय," नाना म्हणाले. "वाढतं पीक आपल्या हातानं उपटायचं नाय. मशीन येऊ दे. त्याला करू दे त्याचं काम."

"मातीत गाडू द्यायचं? रोज पानी पाजलं ते?"

"त्यांनी गाडलं तर त्यांनी मारलं. तू उपटलं तर तू मारलं."

नाना असं काही बोलतील हे आम्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आईचा चेहरा एकदम उतरला. पण तिनं टोपली खाली ठेवली नाही. "मला नाय बघवायचं ते," एवढंच म्हणाली आणि वाफ्यांकडे चालू लागली. जाता जाता मला म्हणाली, "इमे, चल." विमल हे माझं नाव फक्त शाळेत होतं.

मी नानांकडे पाहिलं. ते विहिरीच्या कडेला, पाणी पडायच्या थारोळ्यापाशी जाऊन बसले होते, मळ्याकडे पाठ करून. मी आईच्या मागे गेले. दिगूभाऊ बराच वेळ दारात उभा राहिला आणि मग तोही आला. ओल्या मातीतून कोवळं गाजर उपटताना एक बारीक आवाज येतो, चुटकीसारखा. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी तो आवाज किती वेळा ऐकला असेल. मधूनच मी विहिरीकडे बघायची. नानांची पाठ तशीच असायची. दुपारी मी भाकरी आणि मेथीची भाजी घेऊन गेले तर ती त्यांनी शेजारी ठेवून घेतली. खाल्ली नाही. मला वाटतं, तो आवाज त्यांनाही ऐकू जात होता.

लिंबाएवढे फ्लॉवर, हिरवे टोमॅटो, बी न धरलेल्या शेंगा, पाल्यासकट गाजरं, मिरचीची तर फुलंसुद्धा. ओट्यावर ढीग लागले. आणि नेमकं आभाळ भरून आलं. थंडीत असं क्वचितच होतं, पण त्या दोन दिवसांत ऊन पडलं नाही. धोतरं पुरली नाहीत तेव्हा आईनं तिचं लुगडं पसरलं. मी पुसत होते, पुसून पुसून हात पांढरे पडले, तरी प्रत्येक गाजर गारच लागत होतं. आईनं ते गालाला लावून बघायचं सोडून दिलं. बरण्या संपल्या, मग शेजारच्या मळ्यांतून मागून आणल्या. मोहरी संपली, ती दिगूभाऊनं बाजारातून आणली. तेल एवढं कुठून आणणार? शेवटच्या बरण्यांत ते वरपर्यंत आलंच नाही. आई बरणी वाकडी करून बघायची, पुन्हा सरळ करायची, पुन्हा वाकडी करायची. मग तिनं मीठ वाढवलं. माझ्या आयुष्यात तिनं हे पहिल्यांदाच केलं आणि तेव्हाही मला कळलं की हे बरोबर नाही. पण बोलायची सोय नव्हती.

सोमवारी दुपारी मशीन आलं. रिकामे वाफे होते, बांध होते, एक शेवग्याचं झाड होतं. त्यावरून ते एकदा या बाजूने गेलं आणि एकदा त्या बाजूने. फार वेळ लागला नाही. आमचं सामान बैलगाडीत भरलेलं होतं आणि गाडीत सगळ्यात खाली, गोधड्यांत गुंडाळून, बरण्या होत्या. आई त्यांच्याशेजारी बसली होती. नाना गाडीत बसले नाहीत. ते गाडीच्या मागून चालत आले.

देवळाली गावाच्या बाजूला एका चाळीत आम्हाला एक खोली मिळाली. तिथे बरण्या फळीवर मावेनात, म्हणून काही पलंगाखाली, काही दाराआड ठेवल्या. पाणी सामाईक नळाला. इंजिनाचा आवाज नव्हता आणि सुरुवातीला त्या शांततेनं मला झोप येत नसे. नानांना कामाची गरज होती. त्यांना काम मिळालं ते त्याच जागेवर, रात्रपाळीचा वॉचमन म्हणून. सिमेंट, लोखंड यांची राखण करायला माणूस हवा होता आणि नानांना तिथली वाट न वाट माहीत होती. दिगूभाऊ म्हणाला, दुसरं काहीही करा, हे नको. नानांनी खाकी शर्ट अंगात घातला आणि निघाले. तिथे का गेले हे त्यांनी कधी सांगितलं नाही. विहीर अजून बुजवलेली नव्हती, एवढं मला ठाऊक आहे. ती बुजवली त्या आठवड्यात ते घरी येऊन नुसते पडून असत.

आणि नाना आईशी बोलेनासे झाले. भांडण म्हणावं तर तेही नव्हतं. आवाज चढत नव्हता. समोर ताट आलं की जेवत, शर्ट धुतलेला असला की घालत. पण सांगायचं ते माझ्यामार्फत. "इमे, तुझ्या आईला म्हनावं, रॉकेल संपलंय." आई हातभर अंतरावर बसलेली असायची. ती मला म्हणायची, "सांग, आनलंय." त्या छोट्या खोलीत त्यांच्यामधून असं जाणं-येणं करताना मला फार लाज वाटायची. ताटात आई रोज लोणचं वाढायची आणि नाना ते रोज तसंच ठेवायचे. हात धुताना ताटात तेवढी एक फोड राहिलेली असायची, तेलाचा थेंब तिच्याभोवती. आई ती उचलून स्वतः खायची.

त्याच सुमारास तिनं मालकांकडची बरणी काढली. दिगूभाऊ ओरडला, "त्यांना? त्यांना देनार तू?" आई म्हणाली, "दर वर्षी जाती ती जाऊ दे." मी तिच्याबरोबर गेले. मालकीणबाईंनी नेहमीसारखं हसून बरणी घेतली, दादरा सोडून आत पाहिलं आणि त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं, "अगं, या वर्षी गाजरं फारच बारीक गं."

"वाढायला सवड नाय भेटली, वहिनी," आई म्हणाली.

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्या दादऱ्याची गाठ पुन्हा बांधू लागल्या आणि ती त्यांना बांधता येईना. आईनंच ती बांधून दिली. आत कुठेतरी मालक खोकल्याचा आवाज आला, पण ते बाहेर आले नाहीत. मागच्या वर्षीची बरणी मालकीणबाईंनी परत दिली, साखर घातलेली.  घरी येईपर्यंत आईनं बरणी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली नाही. ते घर आता नाही, तिथे दुकानांची इमारत आहे. आम्ही पुन्हा त्यांच्याकडे गेलो नाही.

होळीनंतर पत्रे तापू लागले. एके दिवशी पलंगाखालच्या एका बरणीतून बुडबुड असा आवाज आला. दादरा ओला झाला होता आणि बाहेरून आंबूस पाणी ओघळलं होतं. आईनं वरचं काढून टाकलं, उरलंसुरलं तेल कढवून ओतलं, आणखी मीठ घातलं, बरणी पायरीवर उन्हात ठेवली. मग दुसरी बरणी तशीच झाली. मग दाराआडच्या. आई दिवसभर त्यांच्यापाशीच वाकलेली असायची, आजाऱ्यांच्या वॉर्डात नर्स फिरते तशी एकीकडून दुसरीकडे. दिगूभाऊ तोवर घोटीला एका भातगिरणीत कामाला लागला होता आणि तिथेच राहायला गेला होता. खोलीत वासामुळे जेवण जाईना. शेजारणी दारावरून जाताना नाकाला पदर लावत. आणि एके सकाळी आईनं दादरे सोडले तर सगळ्या बरण्यांत बुरशीची पांढरी लव आली होती. एकूण एक.

 ती एकेक बरणी उचलून नळापाशी नेऊ लागली. मीही नेऊ लागले. नळावर बायका होत्या, त्या बाजूला झाल्या. आई मोरीच्या कडेला बसली आणि पहिली बरणी तिनं वाकडी केली, पण तिच्या हातून ती ओतवेना. ती नुसती धरून बसली.

तेवढ्यात नाना पाळीवरून आले. खाकी शर्ट, हातात काठी. त्यांनी बरण्यांची रांग पाहिली.

"काय झालं?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघून नाही, आईकडे बघून.

आई दचकली. "बिघडलं," म्हणाली.

"समदं?"

"समदंच."

नानांनी काठी भिंतीला टेकवली आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. तिच्या हातातली बरणी घेतली, दोन बोटांनी वरची लव बाजूला सारली आणि खाली हात घालून एक गाजर काढलं. नळाखाली धरून धुतलं. एवढंसं गाजर, टोकाला अजून शेपटी असलेलं. बराच वेळ ते उन्हात धरून बघत राहिले. मग मला म्हणाले, "भाकर हाय का रातची?"

"नका खाऊ," आई म्हणाली. "पोट बिघडंल."

"आन गं इमे."

मी शिळी भाकरी आणली. नळाच्या ओट्यावर बसून, बायका बघत असताना, नानांनी ते गाजर भाकरीशी खाल्लं. मग दुसरं काढलं, धुतलं, तेही खाल्लं. तो वास मला तिथे उभं राहवू देत नव्हता, पण त्यांचा चेहरा तसाच होता.

"मीठ लय झालं," ते म्हणाले.

"पानी सुटत व्हतं, म्हून घालत गेले."

"कोवळी व्हती."

"कोवळी व्हती," आई म्हणाली आणि तिथेच, पदरात तोंड घालून रडायला लागली. मळा गेला त्या दिवशी ती रडली नव्हती. नानांनी तिला गप्प केलं नाही. बाकीच्या बरण्या त्यांनी स्वतः एकेक करून रिकाम्या केल्या, राखेनं घासल्या, पाण्यानं खळबळून उन्हात पालथ्या घातल्या. मग खोलीत जाऊन झोपले.

आई उशाशी बसून राहिली. त्यांचा श्वास जरा वेगळा वाटला की माझ्याकडे बघायची. मी ओव्याचं पाणी करून ठेवलं होतं, ते लागलं नाही. दुपार टळल्यावर नाना उठले, तांब्याभर पाणी प्याले आणि म्हणाले, "काय बघतीस?"

"काय नाय," आई म्हणाली. आणि मग तिनं बोलायला सुरुवात केली. दिगूनं घोटीहून निरोप धाडलाय, गिरणीतल्या कोंड्यानं त्याला खोकला लागलाय. नळाला पाणी फक्त सकाळचंच येतं. शेजारीण बरी आहे, तिची सासू वाईट आहे. इमी रात्री झोपेत दात खाते. इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं, एकामागून एक, मध्ये श्वास घ्यायलाही न थांबता. ड्यूटीवर जायची वेळ झाली, नानांनी शर्ट अंगात घातला, बटणं लावली, आणि उंबऱ्यात टेकून पुन्हा ऐकत बसले.